चढण, भिंत आणि दार

हजार लिटर पाणी चारशे मीटर उंचीवरून खाली आणलं, तर त्यातून किती वीज मिळेल? गणित शाळेतलंच आहे. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार करायचा. उत्तर येतं सुमारे ३९ लाख ज्यूल. वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर नेऊन ठेवली आणि तिचं सगळं पाणी थेट कोकणात उतरवलं, तर हाती येतं जेमतेम एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की ते संपलं.

हेच गणित उलट बाजूनं मांडलं तरी थक्क व्हायला होतं. साठ किलोचा माणूस चारशे मीटरचा घाट चढून वर गेला, की त्या चढणीनं त्याच्या देहात जमा झालेली ऊर्जा मोबाइल तीनदा पूर्ण चार्ज करायला पुरेल. आपला फोन रात्रभरात जेवढी वीज पिऊन घेतो, तेवढी पाण्यात साठवायची तर अठरा लिटरचा एक हंडा घाटमाथ्यावर न्यावा लागेल. बटण दाबलं की येणाऱ्या विजेमागे केवढी मजुरी असते, याची जाणीव मला तरी या आकड्यांइतकी दुसऱ्या कशानं झाली नाही.

हे गणित मांडायला कारण आहे. सौरऊर्जेच्या बातम्या आता रोज येतात. भारताची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. त्याच वर्षाच्या मध्यावर देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू आणि तेल सोडून इतर स्रोतांचा झाला. २०३० सालापर्यंत अशा स्रोतांची क्षमता ५०० गिगावॅट करायचं उद्दिष्ट आहे. या बातम्या वाचताना मला मनापासून आनंद होतो. पण त्यांच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि माझ्या मते पुढच्या दहा वर्षांतला विजेचा सगळा इतिहास त्या एका प्रश्नाभोवती लिहिला जाईल. दुपारी बारा वाजताचा सूर्य संध्याकाळी सात वाजता कसा वापरायचा?

शेतकऱ्यासाठी दुपारची वीज हीच मोठी गोष्ट आहे. वर्षानुवर्षं कृषिपंपांना वीज मिळायची ती रात्री. थंडीत कुडकुडत, विंचूकाट्याची आणि बिबट्याची धास्ती घेऊन बॅटरीच्या उजेडात दारं धरायची, हे महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आहे. गावाजवळ उभारलेल्या सौर प्रकल्पातून दिवसा पंप चालवण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला म्हणूनच फार मोलाची वाटते. उसाला किंवा गव्हाला पाणी देणं दुपारवर ढकलता येतं. पण गावातल्या आणि शहरातल्या घरांत दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही एकदम सुरू होतात ते दिवस मावळल्यावर. सूर्य क्षितिजाखाली जातो नेमका तेव्हाच मागणी चढते. आणि विजेच्या तारेत वीज साठून राहत नाही.

हे शेवटचं वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. देशभरच्या वीजजाळ्यात प्रत्येक क्षणी जेवढी वीज वापरली जाते, तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल साधला आहे की नाही ते एका आकड्यावरून कळतं, तो म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली आणि निर्मिती मागे पडली की काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकमेकांशी जोडलेली सगळी प्रचंड जनित्रं किंचित मंदावतात आणि आकडा ५० च्या खाली घसरतो. निर्मिती जास्त झाली की तो वर सरकतो. तोल फारच ढळला तर यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी एकेक भाग तोडत जाते. जुलै २०१२ च्या अखेरीस उत्तर आणि पूर्व भारतात ६० कोटींहून जास्त लोक अंधारात गेले, ते असा तोल कोसळल्यामुळेच.

हाच तोल सांभाळल्याची एक विलक्षण रात्रही आपण पाहिली आहे. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर घरांतले दिवे नऊ मिनिटांसाठी मालवले गेले. आपण दारात पणत्या लावत होतो, तेव्हा वीज नियंत्रण कक्षांतले अभियंते श्वास रोखून आकड्यांकडे पाहत होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि लगेच पुन्हा वर गेली. कोळशाचं केंद्र इतक्या झटपट खालीवर होत नाही. त्या रात्री मुख्य भार पेलला तो जलविद्युत केंद्रांनी. पाण्याची दारं मिटली, उघडली आणि जाळं शाबूत राहिलं. पाण्याला उंची असेल आणि त्याच्या वाटेवर दार असेल, तर वीज आपल्या हुकमात राहते.

इथे सौरपट्टीकडे एक नजर टाकू. १८३९ साली एकोणीस वर्षांच्या एदमों बेकरेल या फ्रेंच मुलाला उजेड पडल्यावर वीज निर्माण होते असं दिसलं. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघांनी सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट जगापुढे ठेवला. पडलेल्या उजेडातली सहा टक्के ऊर्जा तो विजेत बदलत असे. त्यात घडतं ते असं. प्रकाशाचा एक कण सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन ऊर्जेच्या वरच्या पायरीवर पोचवतो. पण तिथे तो टिकत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आतबाहेर तो पुन्हा खाली पडतो, आणि त्याआधी त्याला तारेत लोटावं लागतं. म्हणजे सूर्य इलेक्ट्रॉनला चढवतो खरा, पण वर थांबवून ठेवत नाही. थांबवायचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं.

ते करण्याच्या तीन जागा मला ठाऊक आहेत. एक डोंगराएवढी, एक तळहाताएवढी आणि एक डोळ्याला न दिसणारी. या तिन्ही जागी निसर्गाचा एकच नियम काम करतो. ऊर्जा साठवायची तर काहीतरी चढवून ठेवावं लागतं. चढवलेलं आपोआप घसरू नये म्हणून मध्ये भिंत लागते. आणि हवं तेव्हा, हवं तेवढंच उतरू देईल असं दार त्या भिंतीत लागतं.

पहिली जागा सह्याद्रीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, रतनगड आणि कळसूबाईच्या शेजारात, घाटघर नावाचं गाव आहे. इथे पठार संपतं आणि काळ्या कातळाचा कडा सरळ खाली ठाणे जिल्ह्यात उतरतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा कातळ तयार झाला. महाराष्ट्र सरकारच्या अभियंत्यांनी वर घाटघरला एक जलाशय बांधला आणि खाली शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ दुसरा. दोन्हींच्या पातळीत चारशे मीटरच्या आसपास फरक आहे. मधल्या डोंगराच्या पोटात बोगदे आणि जमिनीखालचं वीजगृह आहे. रोलरनं दाबून घट्ट केलेल्या काँक्रीटची आपल्या देशातली पहिली धरणं ती हीच. २००८ पासून चालणाऱ्या या प्रकल्पाचं नाव घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट.

जाळ्यात वीज जास्त असते तेव्हा हे केंद्र ती वीज घेतं आणि खालचं पाणी वर चढवतं. वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज परत देतं. यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे या दोन्ही कामांना यंत्र एकच असतं. पाणी खाली येताना ज्या चक्राला फिरवतं, ते टर्बाइन असतं. विजेनं त्याला उलटं फिरवलं की तेच चक्र पंप होतं. त्याला जोडलेलं जनित्र उलट्या फेरीत मोटर होतं. दिशा बदलली की देणारा घेणारा होतो. या येरझारीत काही ऊर्जा घर्षणात आणि उष्णतेत जाते. ढोबळमानानं चार युनिटं खर्चून पाणी चढवलं तर तीन परत मिळतात. एरवी वायाच जाणाऱ्या विजेतून ऐन गरजेच्या वेळी पाऊण वाटा परत मिळणं हा उत्तम सौदा आहे.

पहिल्या परिच्छेदातलं गणित इथे वेगळं दिसू लागतं. हजार लिटरला एक युनिट ही क्षुल्लक गोष्ट वाटली होती. पण दोन्ही संच पूर्ण ताकदीनं सहा तास चालले तर १५ लाख युनिटं होतात, म्हणजे सुमारे १५ लाख टाक्या पाणी. ती एवढी मोठी टाकी डोंगरानं फुकट बांधून दिली आहे. मुळशीच्या पाण्यावर चालणाऱ्या भिरा केंद्रातही १५० मेगावॅटचा असा उलटसुलट चालणारा संच आहे. वेल्समधल्या स्लेटच्या जुन्या खाणीच्या डोंगरात १९८४ साली सुरू झालेलं डिनॉरविग केंद्र काही सेकंदांत पूर्ण ताकदीला पोचतं. जगातलं सर्वांत मोठं उदंचन केंद्र चीनमधल्या फंगनिंगला आहे, ३६०० मेगावॅटचं. बॅटऱ्यांचा एवढा बोलबाला असूनही जगात वीज साठवण्याची बहुतेक सोय आजही अशा डोंगरांतच आहे.

आणि काळ कसा फिरला ते पाहा. अशी केंद्रं आखली गेली तेव्हा विचार असा होता की कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून मध्यरात्रीच्या फाजील विजेवर पाणी चढवायचं. आता फाजील वीज येते ती भर दुपारी. डोंगर तोच, चक्र तेच, फक्त चढवण्याची वेळ रात्रीची दुपार झाली. कोळशाच्या सोयीसाठी बांधलेलं यंत्र सूर्याच्या सेवेला लागलं आणि त्यासाठी त्याचा एक स्क्रूही बदलावा लागला नाही.

दुसरी जागा तुमच्या खिशात आहे. लिथियम बॅटरीत पाण्याऐवजी लिथियमचे आयन चढतात. तिच्या एका प्रकारात एका बाजूला लोह आणि फॉस्फेटचा स्फटिक असतो, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट, म्हणजे पेन्सिलीतलं शिसं ज्याचं असतं तोच कार्बन. ग्राफाइटची रचना थरांची असते. चार्जर लावला की लिथियमचे आयन स्फटिकातून निघतात आणि त्या थरांच्या मध्ये, वहीच्या पानांत मोरपीस ठेवावं तसे, जाऊन बसतात. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एक. तिथे ते सुखानं बसलेले नसतात. मिळेल त्या वाटेनं परत उतरायची त्यांची ओढ असते, आणि त्या ओढीलाच आपण व्होल्टेज म्हणतो.

मग ते उतरत का नाहीत? कारण मधली भिंत फार हुशार आहे. दोन बाजूंच्या मध्ये असलेलं द्रावण आयनांना जाऊ देतं, इलेक्ट्रॉनना नाही. आयनाला खाली उतरायचं तर त्याच्या जोडीचा इलेक्ट्रॉनही पलीकडे पोचला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनला एकच वाट मोकळी आहे, बाहेरची तार. तुम्ही बटण दाबता तेव्हा ते दार उघडतं. इलेक्ट्रॉन तारेतून धावतात आणि वाटेत दिवा लावतात, रिक्षा चालवतात, फोनवर आईचा आवाज ऐकवतात.

ही चढण किती उंच आहे? लोह-फॉस्फेटच्या घटाचा दाब ३.२ व्होल्ट असतो. लिथियमचा एक आयन या दाबाविरुद्ध चढवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्याच ऊर्जेत तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती उंच नेता येईल, हे मोजून पाहिलं. गुरुत्वाकर्षण वर जाताना कमी होत नाही असं धरलं, तर उत्तर येतं सुमारे ४५०० किलोमीटर. घाटघरचा कडा चारशे मीटरचा. बॅटरीतला कडा साडेचार हजार किलोमीटरचा, आणि तो तळहातावर मावतो. घाटात एका युनिटसाठी एक टन पाणी लागतं आणि बॅटरीला सहा-सात किलो वजन पुरतं, ते म्हणूनच. विद्युत बलापुढे गुरुत्वाकर्षण किती दुबळं आहे, ते या एका तुलनेत दिसतं.

या बॅटरीच्या जन्मात आपलाही धागा आहे. लिथियम बॅटरीसाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना मिळालं. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. लोह-फॉस्फेटचा स्फटिक मात्र १९९७ च्या ज्या शोधनिबंधातून पुढे आला, त्याचे पहिले लेखक होते अक्षय पाढी आणि सहलेखक नंजुंडस्वामी. गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत हे काम झालं. कोबाल्टसारखा महाग आणि दुर्मीळ धातू न वापरता, लोखंडासारख्या साध्या धातूवर चालणारी ही बॅटरी आज वीजजाळ्यांच्या साठवणुकीत सर्वाधिक वापरली जाते. २०१० पासून बॅटऱ्यांच्या किमती ९० टक्क्यांहून जास्त उतरल्या. आता लिथियमच्या जागी मिठातलं सोडियम वापरणाऱ्या बॅटऱ्याही बाजारात येऊ लागल्या आहेत.

तिसरी जागा सर्वांत जुनी आहे, आणि तिच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. ती जागा म्हणजे पेशी.

जेवणातून मिळालेली ऊर्जा शरीर ज्या रूपात खर्च करतं, तो एटीपी नावाचा रेणू. हा रेणू इतका झपाट्यानं वापरला आणि पुन्हा तयार केला जातो, की दिवसभरात आपण साधारण स्वतःच्या वजनाएवढं एटीपी बनवतो. पण कोणत्याही क्षणी ते शरीरात असतं फार थोडं. हा कारखाना चालतो कसा, याचा शोध वैज्ञानिक अनेक वर्षं घेत होते. अन्नाची ऊर्जा एटीपीपर्यंत पोचवणारा एखादा मधला रासायनिक पदार्थ असणार, असं सगळ्यांना वाटे. तो कुणालाच सापडेना. १९६१ साली पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं म्हटलं की असा पदार्थ नाहीच. पेशी अन्नाच्या ऊर्जेनं प्रोटॉन एका पडद्याच्या पलीकडे चढवते आणि ते परत उतरताना त्यांच्या जोरावर एटीपी घडवते. कल्पना इतकी अनोळखी होती की बहुतेकांनी ती झिडकारली. मिचेल यांनी प्रकृतीच्या कारणानं विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधला एक जुना पडका वाडा दुरुस्त करून घेतला, आणि तिथेच छोटी प्रयोगशाळा उभारून काम चालू ठेवलं. १९७८ साली रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

त्यांच्या बाजूनं आलेला एक पुरावा फार सुंदर आहे. १९६६ साली अमेरिकेत यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाच्या पानातली हरितलवकं घेतली. ती अंधारात आम्लात भिजवली, म्हणजे त्यांच्या आत प्रोटॉन भरले. मग ती तशीच अंधारात, प्रोटॉन फार कमी असलेल्या द्रावणात टाकली. उजेडाचा एक किरणही नसताना त्या हरितलवकांनी एटीपी बनवलं. सूर्य फक्त पाणी चढवणारा पंप होता. वर चढलेलं कुणी दुसऱ्यानं भरून दिलं, तरी खालचं चक्र फिरलंच.

आणि इथे खरोखरच चक्र आहे. प्रोटॉनना परत उतरायला पडद्यात जे दार असतं, ते प्रथिनांचं बनलेलं, सुमारे दहा नॅनोमीटर रुंदीचं एक टर्बाइन आहे. प्रोटॉन त्यातून उतरतात तेव्हा त्याचा दांडा गरगर फिरतो, सेकंदाला शंभराहून जास्त वेळा, आणि प्रत्येक फेरीला तीन एटीपी तयार होतात. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी या दांड्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी या यंत्राचं कोडं उलगडणाऱ्या बॉयर आणि वॉकर यांना नोबेल मिळालं. प्रयोगात धागा फिरला होता तो एटीपी पुरवल्यामुळे, कारण हे यंत्रही उलटं चालतं. प्रोटॉन उतरले की ते एटीपी देतं. एटीपी दिलं की ते प्रोटॉन चढवतं. घाटघरच्या चक्राचं जे कसब आहे, तेच जीवसृष्टीनं काही अब्ज वर्षांपूर्वी साधलं होतं.

आपल्या पेशींतल्या त्या पडद्यावर सुमारे ०.१५ व्होल्टचा दाब असतो. ऐकायला किरकोळ. पण पडदा फक्त पाच-सहा नॅनोमीटर जाड आहे. म्हणजे मीटरमागे दोन-तीन कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे तीस लाख व्होल्ट लागतात. त्याच्या जवळपास दहापट ताण या क्षणी तुमच्या पेशींत शांतपणे उभा आहे. प्रोटॉनची ही चढण मघाच्या मापानं मोजली तर सुमारे १५०० किलोमीटर भरते. पाण्याचे चारशे मीटर, प्रोटॉनचे पंधराशे किलोमीटर, लिथियमचे साडेचार हजार. तिन्ही जागी चढण, भिंत आणि दार. पिंपळाचं एक पान म्हणजे सौरपट्टी आणि उदंचन केंद्र एकत्र. उजेड पकडायचा, प्रोटॉन चढवायचे, चक्र फिरवायचं आणि मिळालेल्या एटीपीच्या बळावर साखर बनवून रात्रीची सोय करायची. आपल्याला सूर्य पकडायला येऊ लागलं १९५४ पासून. साठवण्याच्या कलेत पान अजूनही आपल्या फार पुढे आहे.

भिंत झिरपली तर काय होतं, तेही तिन्ही जागी सारखंच असतं. साठवलेलं सगळं उष्णता होऊन निसटतं. बॅटरीतली मधली भिंत फाटली की ती तापते आणि पेटते. पेशीत मात्र निसर्गानं हा दोषही कामाला लावला आहे. नवजात बाळाच्या पाठीत आणि मानेत तपकिरी रंगाची चरबी असते. तिच्या पेशींच्या पडद्यात मुद्दाम एक वेगळी फट असते. तिच्यातून प्रोटॉन चक्र न फिरवता उतरतात आणि नुसती ऊब देतात. बाळाला अजून कुडकुडता येत नाही. त्याला जन्मानंतरच्या गारठ्यात जपते ती ही झिरपणारी भिंत.

या सगळ्याकडे पाहून झाल्यावर माझं मत स्पष्ट झालं आहे. साठवणूक हा स्वच्छ ऊर्जेचा कणा आहे आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यासाठी जगातला एक उत्तम डोंगर आला आहे. घाटमाथ्यावर पाऊस आणि लगेच खाली कोकण, अशी रचना फार थोड्या प्रदेशांकडे आहे. १९१५ साली खोपोलीला लोणावळ्याच्या घाटावरचं पाणी अर्धा किलोमीटर खाली आणून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली गेली, ती याच रचनेमुळे. गेल्या काही वर्षांत राज्य सरकारनं नव्या उदंचन प्रकल्पांसाठी अनेक करार केले आहेत. ते प्रकल्प व्हावेत असं मला वाटतं.

पण सह्याद्री ही रिकामी चढण नाही. तिथे देवराया आहेत, २०१२ पासून जागतिक वारशात असलेली जंगलं आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापट शेतकऱ्यांसोबत उभे राहिले होते. कोयनेचे विस्थापित कित्येक दशकं आपल्या हक्कासाठी झगडत आले आहेत. ज्या शहापूर तालुक्यातल्या जलाशयांतून मुंबईला पाणी जातं, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतात. हा अन्याय अभियांत्रिकीच्या कोणत्याही नियमात लिहिलेला नाही. तो आपण निवडलेला आहे, म्हणून बदलताही येतो. उदंचनाला नदीचा रोजचा प्रवाह लागत नाही, तेच पाणी पुन्हा पुन्हा वरखाली होतं. त्यामुळे आधी बांधलेल्या धरणांच्या काठी आणि जंगल नसलेल्या जागी हे प्रकल्प उभारणं शक्य आहे. जिथे ते शक्य नाही तिथे बॅटरी आहेच, आणि ती रोज स्वस्त होते आहे. डोंगर दहा-बारा तासांचा साठा सांभाळो, बॅटरी दोन-चार तासांचा सांभाळो. आणि ज्या गावाच्या डोक्यावर जलाशय होईल, त्या गावाच्या नळाला पाणी आणि घराला चोवीस तास वीज आधी मिळावी. ही अट करारात पहिल्या पानावर असावी.

यापुढे ऊर्जेची एखादी बातमी वाचली की मेगावॅटच्या आकड्यावर थांबू नका. मेगावॅट म्हणजे दार किती रुंद आहे ते. वर किती साठा आहे ते कळतं तासांवरून. १०० मेगावॅट दोन तास आणि १०० मेगावॅट दहा तास या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातम्यांत पुष्कळदा दुसरा आकडा नसतोच. तो विचारा. त्यानंतर हेही विचारा की चढण कुणाच्या जमिनीवर आहे आणि तिथल्या माणसांना काय मिळालं. ही दोन उत्तरं मागणारे वाचक जेवढे वाढतील, तेवढी आपली संध्याकाळची वीज सूर्याची होईल, आणि ती न्यायानं मिळवलेली असेल.